हँडलचा कोन सेट, आखाजीचं ऊन आणि फ्रीजरमधले रेसर

दिवाळीपासून माझी मोटरसायकल सरळ रस्त्यावर सुद्धा डुलायला लागली होती. पडेल-बिडेल असं काही नाही, पण ४०-५० च्या स्पीडला आपण निवांत चाललोय आणि पुढचं चाक उगाच जरा इकडे, जरा तिकडे, बसमध्ये डुलकी लागलेला माणूस कसा मान टाकतो आणि परत सावरतो ना, अगदी तसं. माझं रोजचं अमळनेर ते धुळे जाणं-येणं आहे, एका बाजूने ३५-३६ किलोमीटर, म्हणजे दिवसाला ७० च्या वर पडतात, त्यामुळे गाडीत थोडा जरी फरक पडला तरी हाताला लगेच कळतो. आधी हवा तपासली, मग टायर बघितलं, मग रिमचा आऊट काढून घेतला, स्पोक ओढून घेतले, चाकाचे बेअरिंग पण बदलून झाले, आणि तरी गाडी डुलतेच आहे.

नंतर जानेवारीत आम्ही तिघे मित्र दोन गाड्यांवर तोरणमाळला गेलो. शहाद्याकडून वर चढताना काही जाणवलं नाही. ११०० मीटरच्या वरची जागा, थंडी मस्त, यशवंत तलावाजवळ बसून घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, सगळं छान चाललं होतं. उतरताना मात्र सात पायरी घाटाच्या वळणांवर पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खालून खट्ट आवाज यायचा, सोडला की परत खट्ट. आणि वळण संपवून गाडी सरळ केली की हँडल मधोमध येऊन बसायचं, म्हणजे खरंच बसायचं, खाचेत गोटी बसावी तसं, आणि तिथून हलवायला जरासा जास्त जोर लागायचा. एका बाजूला दरी, मागे मित्र बसलेला, आणि हँडल माझं ऐकायच्या आधी अर्धा क्षण थांबतंय. मी त्या दिवशी खरंच घाबरलो. घरी येईपर्यंत एकाच गोष्टीचा विचार डोक्यात होता की हे आपण इतके महिने अंगावर का काढलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका गॅरेजला गाडी नेली. तिथल्या मुलाने पुढचं चाक हलवून बघितलं, म्हणाला हँडलमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, आहे, आणि वरचा नट सैल करून आतला रिंग नट हातोडी-छन्नीने ठोकून चांगला पाऊण आटा फिरवला. पाच मिनिटात काम खलास. खट्ट आवाज गेला आणि मी खूश. पण गाडी रस्त्यावर काढली आणि आधीपेक्षा वाईट! आता तर हँडल मधोमध घट्टच धरून ठेवायचं, गाडी हळू असताना सायकल नवीन शिकणाऱ्या पोरासारखं हँडल सतत मारत राहावं लागायचं. आठ दिवस तसेच काढले आणि मग गेलो आमच्या जुन्या मिस्तरींकडे, ज्यांच्याकडे माझे वडील गाडी न्यायचे. त्यांनी गाडीला हात सुद्धा लावला नाही, फक्त विचारलं, "हँडल मझार अडकस का?" मी म्हटलं हो, मधोमध अडकतं. तर म्हणाले, "कोन खाई गया भाऊ. आते कितला बी कस, काही उपयोग नही." म्हणजे हँडलचा कोन झिजलाय, आता कितीही आवळ, उपयोग नाही. आणि वर अजून एक, जे मला फार आवडलं, "पह्यले सोडी देख, मंग बोल." आधी उघडून बघ, मग बोल.

त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत, ते हे काम घेत नाहीत. त्यांनी सांगितलं तूच कर, अडलं तर विचार. म्हणून ही पोस्ट. आपल्याकडे इंजिन, चेन, ब्रेक ह्याबद्दल सगळे बोलतात पण हँडलच्या कोन सेटबद्दल कुणी बोलत नाही, आणि हा एक पार्ट असा आहे की तो बिघडतो इतका हळू हळू, की आपल्या हाताला त्याची सवयच होऊन जाते.

आधी तो असतो कुठे ते सांगतो. चेसिसच्या पुढच्या टोकाला एक जाड उभा पाईप असतो, त्याच्या आतून टी चा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय धरून ठेवणाऱ्या तुकड्याचा, दांडा वर येतो. ह्या पाईपाच्या वरच्या तोंडाला एक आणि खालच्या तोंडाला एक अशा दोन जागी बेअरिंग असतात, त्यांच्यावर हँडल फिरतं. साध्या गाड्यांमध्ये तिथे सुटे छर्रे असतात, एक वाटी पाईपात ठोकलेली आणि एक कोन दांड्यावर, आणि दोघांच्या मधल्या नाळीत ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे. दुकानात ह्यालाच कोन सेट म्हणतात, कुणी बॉल रेसर म्हणतं. वरून एक रिंग नट ह्या सगळ्याला दाबून धरतो आणि त्याच्यावर टी ची वरची प्लेट आणि मोठा नट. बस, एवढंच. एका टाकी पेट्रोलपेक्षा कमी पैशात येणारा हा सेट, आणि पुढच्या चाकाचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक ह्याच्यातून चेसिसला जातो.

आता तो खराब का होतो, हे समजल्यावर मला खरं कोडं सुटलं. चाकाचा बेअरिंग गोल गोल फिरत राहतो, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी पडते, ग्रीस पण फिरत राहतं. हँडलचा बेअरिंग तसा फिरतच नाही हो. रस्त्यावर आपण हँडल किती फिरवतो? पार्किंगमध्ये सोडलं तर जेमतेम दोन-चार डिग्री. म्हणजे हजारो किलोमीटर तेच छर्रे नाळीतल्या त्याच जागी उभे, आणि खालून खड्ड्यांचा मार चालू. छर्रा गोल, त्यामुळे तो नाळीला टेकतो अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर. एवढ्याशा जागेवर गाडीचा, माणसाचा आणि खड्ड्याचा सगळा जोर आला की पोलाद सुद्धा दबतं आणि तिथे बारीक खळगा पडतो. जेवढे छर्रे तेवढे खळगे, आणि ते बरोबर हँडल सरळ असतानाच्या जागेवर. म्हणून हँडल मधोमध येऊन "बसतं".

ह्या खळग्याला इंजिनिअर लोक ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल नावाच्या इंजिनिअरने १९०० साली धातूचा कडकपणा मोजायची एक पद्धत काढली, १० मिलिमीटरचा कडक गोळा ठरलेल्या वजनाने धातूवर दाबायचा आणि पडलेला खळगा मोजायचा. आजही तीच पद्धत वापरतात. मला हे वाचून फार नवल वाटलं, कारण आपल्या गाडीच्या हँडलमध्ये रोज हीच टेस्ट चालू असते. आणखी एक प्रकार असतो ज्यात जोराचा मार नसतो, नुसतं थरथरणं असतं, त्याच जागी उभं राहून छर्रा बारीक बारीक घासत राहतो, मधलं ग्रीस बाजूला ढकललं जातं, लोखंडाला लोखंड लागतं आणि लालसर तपकिरी भुकटी तयार होते. माझ्या गाडीत दोन्ही सापडलं, ते पुढे सांगतो.

आणि गाडी डुलते का, तर दोन चाकी गाडी सरळ उभी राहते ती पुढचं चाक सतत बारीक बारीक वळत राहिल्यामुळे. आपल्याला ते कळत पण नाही, गाडी डावीकडे कलायला लागली की चाक जरासं डावीकडे वळतं आणि गाडी सावरते, सेकंदागणिक हे चालू असतं. हँडल खाचेत अडकलं की हे बारीक वळणं उशिरा होतं, मग गाडी जास्त कलते, मग हँडल खाचेतून सुटून जास्त वळतं, आणि झालं डुलणं सुरू. त्यात त्या गॅरेजवाल्याने नट आवळला म्हणजे छर्रे खळग्यात अजून घट्ट दाबले. प्ले गेला पण अडकणं वाढलं. एकदा खळगे पडले की आवळणं हा उपाय राहत नाही, आणि सैल ठेवणं हा पण नाही, कारण सैल असलं की प्रत्येक खड्ड्याला छर्रे उचलून आपटतात आणि हातोडी मारल्यासारखे खळगे खोल होतात.

आपल्या खानदेशात हे लवकर होतं असं माझं ठाम मत आहे. तापीकाठची, बोरी-पांझरेकाठची आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, तिच्यावरचा डांबरी रस्ता नुसता खड्डे पडून थांबत नाही, तो लाटांसारखा वर-खाली होतो. त्यात गाडीवर कधी कपाशीचं गाठोडं, कधी खताची गोणी, कधी तिघे जण. आणि दुसरं म्हणजे धुणं. दसऱ्याला वाहनाची पूजा असते म्हणून आदल्या दिवशी सगळे वॉशिंगला रांग लावतात, आणि तो पाण्याचा जोरदार फवारा बरोबर हँडलच्या खाली चिखल असतो तिथेच मारतात. खालच्या बेअरिंगला एक रबरी नाही तर पत्र्याची टोपी असते, ती शिंतोडे अडवते, असा फवारा नाही अडवू शकत. पाणी आत जातं, ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस दह्यासारखं पांढरट होतं आणि मग गंज. मी आता धुवायला नेली की सरळ सांगतो, दादा हँडलच्या गळ्याला फवारा नको, तिथे मी घरी फडक्याने पुसतो.

तुमच्या गाडीचं कसं ओळखायचं तेही सांगतो, दोन मिनिटाचं काम आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा द्या म्हणजे पुढचं चाक अधांतरी झालं पाहिजे. आता दोन बोटांनी हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, डोळे मिटून केलं तर अजून चांगलं कळतं. मधोमध कुठे बारीकसं टक्क जाणवलं तर खळगे आहेत. कुठेही खरखर लागली तर गंज किंवा माती आहे. नंतर चाकासमोर बसून फोर्कचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढे-मागे हलवा, कुणाला तरी वरच्या टी आणि चेसिसच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. तिथे बोटाला हालचाल लागली तर कोन सेटचा प्ले. बोटाला काही लागत नाही आणि खाली फोर्कच्या नळीतच हलतंय तर ती शॉकअपची झीज, तिचा कोनशी संबंध नाही. हा फरक बघितल्याशिवाय कुणाला गाडी खोलू देऊ नका.

मी ठरवलं की ह्या वेळी सुटे छर्रे नाही, टेपर रोलर टाकायचे. कारण हाच कोन सेट दोन वर्षापूर्वी एकदा बदललेला होता आणि तो एवढ्यातच गेला. टेपर रोलरमध्ये छर्ऱ्याच्या जागी निमुळते रोलर असतात, ते रेसरला, म्हणजे बेअरिंगच्या रिंगला, टिंबाने टेकत नाहीत, पूर्ण रेषेने टेकतात, त्यामुळे तोच जोर जास्त जागेत वाटला जातो आणि खळगा पडायला फार वेळ लागतो. हे डिझाईन अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन ह्यांच्या पेटंटचं, १८९८ सालचं. ते घोडागाड्या बनवायचे! वळणावर गाडीचा जोर आडवा पण येतो आणि साधा बेअरिंग तो सोसत नाही, म्हणून त्यांनी रोलर निमुळते केले, म्हणजे उभा आणि आडवा दोन्ही जोर एकाच बेअरिंगने घ्यावा. हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले, पेरणीच्या आधी बैलगाडीची चाकं काढून आखाला वंगण घालायचे, आम्हा पोरांना जवळ बसवून. म्हणायचे आख कोरडा राहिला की बैलाच्या मानेवर येतं.

टेपर सेट धुळ्यात मिळाला. एक काळजी घ्या, सेट घेताना जुन्याचं बाहेरचं माप, आतलं माप आणि उंची तिन्ही व्हर्नियरने बघून घ्या. टेपरची उंची काही गाड्यांत जुन्या सेटपेक्षा जास्त भरते आणि मग वरच्या नटाला पकडायला आटे कमी उरतात. नट पूर्ण आट्यांवर बसत नसेल तर तो सेट चांगला असला तरी घ्यायचा नाही, तिथे तडजोड नको.

काम आखाजीच्या दुसऱ्या दिवशी काढलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीएवढा सण, ताई माहेरी आली होती, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, घरात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि आठवीतला भाचा सकाळपासून मामा काय करायचं, मामा काय करायचं म्हणून मागे. रेसर मी आदल्या रात्रीच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवले होते. आईने सकाळी रसाचा डबा काढताना बघितलं आणि विचारलं हे लोखंड कशाला ठेवलंय, तिला समजावून सांगितलं तर म्हणाली बरं, पण ग्रीसचे हात लावू नको डब्याला.

फ्रीजरचं कारण असं की बेअरिंगची बाहेरची रिंग चेसिसच्या पाईपात घट्ट बसते, ठोकून बसवावी लागते आणि ठोकताना वाकडी गेली तर पाईपाचं तोंड खराब होतं. लोखंड एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं किंवा आकसतं. रेसर फ्रीजरमध्ये उणे १८ वर, आणि चेसिस आमच्या उन्हात तापून सहज ५० च्या जवळ, म्हणजे ६५-७० डिग्रीचा फरक झाला. ५० मिलिमीटरच्या रिंगला हिशेब केला तर फरक पडतो ०.०४ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट फिटिंगमध्ये तेवढंच तर हवं असतं. पुण्या-मुंबईच्या लोकांना हीट गन लागते, आपल्याला वैशाखातलं ऊन फुकट आहे. खोललेली गाडी मी मुद्दाम सावलीतून काढून तासभर उन्हात लावली.

खोलायला लागलो. आधी बॅटरीची वायर काढली, मग पुढचा ब्रेक, चाक, मडगार्ड, मग डूम (हेडलाईटचा) आणि मीटर बाजूला लटकवले, हँडल टाकीवर जाड गोधडी टाकून तिच्यावर आडवं ठेवलं. वायरी आणि केबल कुठून कशा जातात त्याचे फोटो आधीच काढून ठेवा, दहा-बारा तरी, नंतर फार उपयोग होतो. शॉकअप वरून सोडून खाली ओढले, मोठा नट काढला, वरची प्लेट काढली, आणि रिंग नट सोडायच्या आधी खाली चादर अंथरली. हे विसरू नका, कारण नट सुटला की टी खाली घसरतो आणि छर्रे टपाटप सांडतात, मातीत गेले तर सापडत नाहीत. भाच्याला चुंबक दिला आणि सांगितलं वरचे वेगळे खालचे वेगळे, मोजून वाटीत टाक. त्याने दोनदा मोजले आणि सांगितलं, मामा खाली एक कमी आहे. चादर झटकली, टी चा दांडा पुसून बघितला, कुठेच नाही. म्हणजे आधीच्या वेळी ज्याने बसवले त्याने एक छर्रा कमी टाकला होता, बाकीचे सरकत राहिले आणि जोर सगळीकडे सारखा आला नाही. दोन वर्षात सेट का गेला त्याचं उत्तर त्या वाटीत होतं.

खालची वाटी डिझेलने धुऊन उन्हात धरली तर खळगे असे स्पष्ट दिसले की भाचा बोट फिरवून मोजायला लागला. पुढच्या आणि मागच्या बाजूला खोल, बाजूला कमी, कारण ब्रेक आणि खड्ड्याचा मार पुढे-मागेच येतो. वरच्या वाटीत खळगे कमी होते पण तीच लाल भुकटी, कोरडी, ग्रीसचा पत्ता नाही. मी ती वाटी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. तोरणमाळच्या घाटात आम्ही दोघं ह्या एवढ्याशा लोखंडाच्या भरवशावर उतरलो.

जुन्या वाट्या काढायला पाईपाच्या आतून लांब सळई घालून उलट्या बाजूच्या वाटीच्या कडेवर ठोकायचं, एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे, एका बाजूने ठोकत बसलात तर ती तिरकी होऊन अडकते. दांड्यावरचा खालचा कोन सगळ्यात चिवट निघाला, छन्नीने खालून थोडा थोडा उचलावा लागला, पाऊण तास गेला त्यात. छन्नी दांड्याला लागू द्यायची नाही, तिथे ओरखडा पडला तर नवीन बेअरिंग नीट बसत नाही.

मग फ्रीजरमधून एक एक रेसर काढून पळत अंगणात. तिथे मात्र वेळ लावायचा नाही, दोन मिनिटात तो गरम होतो. जुनीच वाटी उलटी करून नवीन रेसरवर ठेवली आणि तिच्यावर ठोकलं, म्हणजे हातोडी नव्या रेसरला लागतच नाही. चार-पाच ठोक्यात वरचा बसला, आवाज बदलतो तो कानाला कळतो, आधी बोदा आणि टेकला की एकदम टणक. खालचा थोडा तिरका जायला लागला होता, तिथे थांबलो, सरळ केला, परत. फ्रीजरमधून काढलेल्या लोखंडावर दव धरतं, ते बसवल्यावर कोरड्या फडक्याने पुसून लगेच ग्रीसचा हात फिरवायचा, नाहीतर पहिल्याच दिवशी गंजाला सुरुवात. खालचा रोलर बेअरिंग दांड्यावर बसवायला मी बोअरच्या जाड पाईपाचा तुकडा लेथवर कापून आणला होता, तो फक्त आतल्या रिंगवर टेकेल अशा मापाचा. रोलर धरून ठेवणाऱ्या जाळीवर किंवा रोलरवर चुकून सुद्धा ठोकू नका, तो बेअरिंग तिथेच संपला समजा. आणि दांड्यावर आधी रबरी टोपी घालायची, मग बेअरिंग. हे उलटं झालं तर परत सगळं काढावं लागतं.

ग्रीस लिथियमचं, जाडसर, चांगल्या दुकानातलं सीलबंद घ्या. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्याच्यात दाबत दाबत ओढायची, ग्रीस रोलरच्या मधून वर आलं पाहिजे, पूर्ण गोल तसंच. वरून नुसतं लिंपलं तर आत कोरडंच राहतं. हे काम भाच्याने केलं आणि माझ्यापेक्षा नीट केलं, एक एक रोलर फिरवून बघत होता.

आवळणं हाच खरा नाजूक भाग आहे, इथे घाई केली की सगळी मेहनत पाण्यात. रिंग नट हुक पान्याने आधी जरा जास्तच आवळा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतील, मग टी दोन्ही टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, मग नट पूर्ण सैल करा, आणि मग परत हलक्या हाताने फक्त प्ले जाईपर्यंत आवळा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. नंतर वरची प्लेट आणि मोठा नट, आणि इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही की मोठा नट आवळला की आट्यांमधली ढिलाई खालच्या बाजूला जाते आणि बेअरिंगवर जोर थोडा वाढतो. म्हणून मोठा नट पूर्ण आवळल्यावर परत तपासायचं, जड वाटलं तर पुन्हा सोडून रिंग नट थोडासा मागे घ्यायचा. मला हे तीनदा करावं लागलं. चाक आणि शॉकअप लावल्यावर हँडल मधून एका बोटाने ढकललं की स्वतःच्या वजनाने हळू, न अडकता बाजूला पडलं पाहिजे. केबल जोडल्यावर त्या थोड्या ओढतात, म्हणून ही परीक्षा केबल मोकळ्या असतानाच घ्या.

सगळं जोडून झाल्यावर गाडी चालू करून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा. वळवताना इंजिनची रेस वाढली तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, ती तशी सोडून रस्त्यावर जाऊ नका. वायरी पाईपाला घासत नाहीत ना, हँडल लॉक लागतंय ना, पुढचा ब्रेक पकडतोय ना, सगळं बघूनच गाडी रस्त्यावर काढायची.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बोरीच्या पुलावरून चक्कर मारली, भाचा मागे. ३० च्या स्पीडला गाडी अशी सरळ चालली की मला हँडल धरल्यासारखंच वाटेना, आणि वळणावर नुसतं बघितलं तिकडे गाडी वळते. किती महिने मी माझ्या खांद्यांनी ते हँडल ओढत होतो ते त्या चक्करीत कळलं, कारण धुळ्याहून आल्यावर रोज दुखणारी मानेची डावी बाजू पुढच्या आठवड्यात दुखलीच नाही.

५०० किलोमीटर झाल्यावर परत चाक उचलून बघितलं. नवीन बेअरिंग थोडे बसतात, तसे बसले होते, अगदी बारीक प्ले बोटाला लागत होता. रिंग नट जेमतेम केसभर फिरवला आणि झालं. ही तपासणी चुकवू नका, नवीन सेट लवकर जायचं हे एक मोठं कारण आहे, लोक बसवतात आणि विसरून जातात. आता माझं ठरलंय की वर्षातून दोनदा चाक उचलून बघायचं, एकदा पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी आणि एकदा आखाजीच्या सुट्टीत, आणि दोन वर्षातून एकदा टी खाली उतरवून जुनं ग्रीस धुऊन नवीन भरायचं.

जुने छर्रे आणि ती खळगे पडलेली वाटी भाचा घेऊन गेला, शाळेत दाखवायला. आता शेजारचे काका मागे लागलेत, त्यांच्या गाडीचं पण हँडल मधोमध अडकतं, गाडी जुनी आहे, त्यांना टेपर नको, साधा छर्ऱ्यांचाच सेट हवा. त्यात दोष काहीच नाही, नीट बसवला तर चांगला चालतो. वाटीत ग्रीस भरून छर्रे एक एक चिकटवायचे, शेवटी एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी फट राहते ती तशीच राहू द्यायची, तिच्यात अजून एक कोंबायचा नाही, आणि जुने-नवे छर्रे मिसळायचे नाहीत. सेट आणून ठेवलाय, रविवारी पहाटे ऊन चढायच्या आत खोलायला घेऊ. रेसर शनिवारी रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचे आहेत, आईला आधी विचारलंय.